पुन्हा खडकावर

मैत्रिणींनो, ‘या वयात?’ असं तुमच्या ओठांवर आलंच असेल. माझ्या सासूबाईंच्याही आलं होतं! २०२१ पासून हा खेळ ऑलिंपिकमध्येसुद्धा आहे म्हटल्यावर त्या म्हणाल्या, “मग तू जाणार का तिकडे?”

कॉलेजात शिकलेलं प्रस्तरारोहण संसारात मागे पडलं. सत्तेचाळिसाव्या वर्षी मी ते पुन्हा धरलंय. खर्चाची धास्ती वाटते ना? दोर, हेल्मेट वगैरे सरंजाम महाग खराच, पण तो गिर्यारोहण संस्थांकडे असतो. मुंबईत ‘गिरिविहार’ तर १९५४ पासून आहे. शिवाय कमी उंचीच्या धोंड्यांवर चढायचं, म्हणजे बोल्डरिंग करायचं, तर दोर लागतच नाही. खाली जाड गादी, हाताच्या घामासाठी मॅग्नेशियम कार्बोनेटची पूड आणि सांभाळायला जाणतं माणूस हवं. बुटांत मात्र काटकसर नको. माझे दिवाळीच्या साडीच्या पैशांत आले.

आम्ही बोरिवलीला कान्हेरीच्या बाजूला जातो, तेही विचारूनच. लेणी संरक्षित आहेत, त्यांना हात लावायचा नाही. खडक असा खरखरीत, की सोमवारी भांडी घासताना बोटं झोंबतात.

खरी महाग पडते ती रविवारची सकाळ. ती घरातून सोडवून घ्यायला मला दोन महिने लागले. आता रविवारचे पोहे आमचे ‘हे’ करतात. लगदा होतो, पण मी बोलत नाही.