घोड्यावरचे दोघे

चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी देव घासता घासता केलेली ही यादी.

टाक : आजीच्या देव्हाऱ्यातला. पुढे चांदीचा पत्रा, मागे तांब्याचा. एकाच घोड्यावर खंडोबा आणि म्हाळसा. खाली मणी-मल्ल हे दैत्य, बाजूला कुत्रं. लढाईतही ती त्याच्यासोबत, आणि तिच्याही हातात शस्त्र. चिंच लावून घासता घासता दोघांचे चेहरे पुसट झाले. म्हाळसेचं नाक आता डोळ्यांना दिसत नाही, अंगठ्याला लागतं. पूर्वी हा टाक सोनाराकडे उजळायला जाई, जेजुरीला देवभेटीला जाई.

दिवटी-बुधली : पितळी. काकडा पेटवायचा, बुधलीतलं तेल सोडत राहायचं. लग्न झालं की नवरा-नवरीनं दिवटी पाजळायची. फ्लॅटच्या छताला काजळी धरते म्हणून आमची माळ्यावर आहे. बुधलीच्या तळाशी तेल डिंकासारखं घट्ट झालंय.

कोटंबा : लाकडी, चौकोनी. रविवारी पाच घरी ‘वारी खंडोबाची’ म्हणत पीठ मागायचं. नवस फेडणारा कितीही मोठा असो, दारात उभं राहावंच लागे. आता खाली वहीत नाव लिहिल्याशिवाय कुणाच्या दारापर्यंत जाताच येत नाही.

जागरण : वाघ्याची दिमडी, तुणतुणं, मुरळीच्या हातातली घाटी. गावोगावच्या देवांना नावं घेऊन बोलवायचं, त्यातच अर्धी रात्र सरे. आता रात्री 10 ला हॉल रिकामा करायचा असतो. मग देवांची नावं गळतात. आधी लांबच्या गावांची.

लंगर : लोखंडी साखळी. जागरण सरताना वाघ्या एका हिसक्यात तोडे. तुटलेली कडी जोडून देणारा लोहार आमच्या गावात आता नाही.

बेलभंडारा : तळहातावर बेल आणि भंडारा घेतला की खोटं बोलायची सोय उरत नसे. आजोबांनी बांधाचा तंटा असाच मिटवला होता. त्याच बांधासाठी आता कोर्टात तारखा पडतात.

भंडारा : निव्वळ हळद, घरी जात्यावर दळलेली. देवावर उधळायची तीच पोराच्या खरचटलेल्या गुडघ्यावर. हल्लीच्या पिशवीतली पिवळीजर्द पूड जखमेवर लावायचा धीर होत नाही.

मुरळी सोडणं : नवसापोटी पोटची पोर देवाला वाहायची. मुंबई प्रांतात 1934 साली कायद्यानं देवाला मुली वाहायला बंदी केली. प्रथा त्यानंतरही रेंगाळली. या यादीत हे एकच असं, जे पुरतं नाहीसं व्हावं. म्हाळसा खंडोबाच्या घोड्यावर बसलेली आहे. ओवाळून टाकलेली नाही.

तळी : ताम्हणात विड्याची पानं, सुपारी, खोबरं, भंडारा, मधे टाक. पाच जणांनी कडेनं धरून ‘सदानंदाचा येळकोट’ म्हणत उचलायची. घरात आम्ही दोघंच. गेल्या वर्षी वरच्या मजल्यावरचे मायलेक आले, तरी एक हात कमी पडत होता. तेवढ्यात इस्त्रीचे कपडे घेऊन पोरगा दारात आला. त्याच्याही गावी तळी भरतात. त्यानं चपला काढल्या, हात धुतले आणि ताम्हणाची रिकामी बाजू धरली. येळकोट सगळ्यांत मोठ्यानं त्यानंच केला. खोबऱ्याचा तुकडा कागदात बांधून आईसाठी नेला.

यंदा त्याला आठवडाभर आधीच सांगून ठेवलंय.