सतरा रुपये सत्तर पैसे

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. पासबुकात नोंदी करून घेतल्या, तेव्हा खात्यातून १७ रुपये ७० पैसे वजा झालेले दिसले. मोबाइलवर येणाऱ्या संदेशांचे शुल्क १५ रुपये आणि त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर, असा तो हिशेब. आदल्या तिमाहीतही ते कापले गेले होते. तेव्हा तक्रार केल्यावर ‘पुन्हा असे होणार नाही’ असे उत्तर मिळाले होते. त्यामुळे रकमेपेक्षा शब्द मोडल्याचा राग अधिक होता. दोन तासांच्या मधल्या सुट्टीत मी विभागात बसून बँकेच्या ग्राहक सेवेच्या क्रमांकावर फोन लावला आणि पुढची चाळीस मिनिटे तो कानाला लावून होते.

त्या चाळीस मिनिटांत तृतीय वर्षाची एक विद्यार्थिनी दारात येऊन उभी राहिली. मी हातानेच ‘थांब’ म्हटले. ती थोडा वेळ थांबली आणि निघून गेली. ‘प्रश्न पैशांचा नाही, तत्त्वाचा आहे’ हे माझे ठेवणीतले वाक्य तिने नक्कीच ऐकले असणार. महिनाभराने तिच्या मैत्रिणीकडून कळले की, परीक्षेच्या अर्जाचे पैसे आठ दिवसांसाठी उसने मागायला ती आली होती. पुढे तिने अर्ज विलंब शुल्कासह भरला. ‘मॅडम सतरा रुपयांसाठी एवढ्या चिडल्या होत्या, त्यांच्याकडे कसे मागू?’ असे ती मैत्रिणीला म्हणाली होती.

बँकेने पैसे परत केले. पण ते वाक्य अजून लागते.

‘अबंडन्स’ हा शब्द अलीकडे प्रत्येक कार्यशाळेत कानावर पडतो. स्टीफन कव्ही यांनी १९८९ साली आलेल्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात ही कल्पना लोकप्रिय केली. जगात सर्वांना पुरून उरेल इतके आहे, अशी मनाची धारणा असावी, असे तिचे सार. मी या शब्दाची नेहमीच थट्टा करीत आले. आमच्याच विभागात तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या एका सहकाऱ्याचे मानधन महिनोन् महिने येत नाही. त्याला विपुलतेची धारणा शिकवणे म्हणजे उपाशी माणसाला पाककृती वाचून दाखवणे होय. सेंधिल मुल्लैनाथन आणि एल्डार शफीर यांनी ‘स्कार्सिटी’ (२०१३) या पुस्तकात म्हटले आहे की, टंचाई माणसाचे सारे लक्ष व्यापून टाकते. बोगद्यात शिरल्याप्रमाणे त्याला आजूबाजूचे दिसेनासे होते. हे वाचताना मला तो सहकारी आठवला होता. मी स्वतः आठवले नव्हते. सातव्या वेतन आयोगाचा पगार घेणारी मी त्या दिवशी त्याच बोगद्यात बसले होते आणि दारातली मुलगी मला दिसली नव्हती. तिची टंचाई खरी होती, माझी नुसती मनात होती.

मग आजोबा आठवले. खळ्यावर धान्य मोजताना ते पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नसत, ‘लाभ’ म्हणत. त्यानंतर दोन, तीन, चार. लहानपणी मला ती निव्वळ अंधश्रद्धा वाटे. बांगडी फुटली तरी ‘वाढवली’ म्हणावे, निघताना ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणावे, त्यातलाच तो प्रकार. पण आजोबा मापात कधी चुकले नाहीत. ‘लाभ’ म्हटल्याने धान्य वाढत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते. त्या शब्दाने मोजणीची सुरुवात कुठून करायची एवढेच ठरत होते. जे हाती आले त्याची आधी नोंद, मग बाकीचा हिशेब. मी मात्र माझी मोजणी वजाबाकीपासून सुरू केली होती.

तरीही एक प्रश्न उरतोच. सोडून देणे हाच जर मोठेपणा असेल, तर उद्या कोणीही काहीही कापून घ्यावे आणि आपण प्रसन्न राहावे काय? इथे मला तुकोबांची कथा आधाराला येते. १६३०च्या भीषण दुष्काळात घर उद्ध्वस्त झाले. त्यानंतर तुकोबांनी घराण्याच्या सावकारीची खते इंद्रायणीत बुडवली, हे आपण वर्गात नेहमी सांगतो. पण परंपरेने सांगितलेला एक तपशील घाईत निसटतो. त्यांनी आधी खतांचे दोन वाटे केले, धाकट्या भावाचा, कान्होबाचा, वाटा त्याच्या हाती ठेवला आणि मग केवळ स्वतःच्या वाट्यावर पाणी सोडले. दुसऱ्याच्या येण्यावर पाणी सोडण्याचा अधिकार त्यांनी स्वतःकडे घेतला नाही. विपुलतेची याहून नेमकी व्याख्या मला ठाऊक नाही. स्वतःचे सोडता यावे, दुसऱ्याचे सोडू नये.

असो. त्यानंतर माझा स्वभाव पालटला, असे मी म्हणणार नाही. सुट्टे नाहीत म्हणून दुकानदाराने हातावर चॉकलेट ठेवले की आजही कपाळाला आठी पडते. मात्र तक्रार करायचीच असेल, तर दोन ओळींचा अर्ज लिहून मोकळी होते. सहकाऱ्याच्या थकलेल्या मानधनासाठी विभागाने पत्र द्यावे, याचा पाठपुरावा मी हाती घेतला. चाळीस मिनिटे फोन धरून ठेवण्याची माझी चिकाटी तिथे उपयोगी पडते आहे. यंदा पहिल्याच आठवड्यात वर्गात सांगून टाकले की, अर्जाच्या पैशांची अडचण असेल त्यांनी संकोच न करता यावे. आतापर्यंत दोघे आले.

ती मुलगी त्यांत नव्हती, ती पदवी घेऊन गेली. निकालाच्या दिवशी भेटली, तेव्हा पेढा हातावर ठेवून पाया पडली. मला जे बोलायचे होते ते ओठांवर आले नाही. आता फोन चालू असताना दारात कोणी आले, की मी तो खाली ठेवते आणि विचारते, “बोल, काय हवे आहे?”