डोळे आले नव्हते



गेल्या श्रावणात लेकीचे दोन्ही डोळे लाल झाले. पावसाळ्यात आमच्या बोरिवलीत घरोघरी डोळे येतातच, म्हणून मी तिचा टॉवेल वेगळा केला आणि मेडिकलमधून थेंब आणले. पण चिपडं येत नव्हती, उलट उजेड सहन होईना. त्याआधी पंधरा दिवस तिला बारीक ताप होता, जेवण कमी झालं होतं, वजनही उतरलं होतं. ताप आणि डोळे यांचा संबंध मी जोडलाच नाही.

डोळ्यांच्या डॉक्टर म्हणाल्या, "हे डोळे येणं नाही. डोळ्याच्या आत सूज आहे, युव्हिआयटिस." आणि लघवीची व क्रिएटिनिनची तपासणी लिहून दिली. डोळ्यासाठी लघवी कशाला? मला हसूच आलं. रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन वाढलेलं दिसलं आणि हसू विरलं.

किडनीचा छोटा तुकडा सुईने काढून तपासला, तेव्हा आजाराचं नाव कळलं: टिनू. किडनीतल्या सूक्ष्म नळ्यांभोवती सूज येते आणि डोळ्यांतही. १९७५ साली अमेरिकेत डॉब्रिन आणि सहकाऱ्यांनी दोन मुलींमध्ये तो प्रथम नोंदवला. आजार दुर्मीळ, पण वयात येणाऱ्या मुलींत जास्त दिसतो. कधी वेदनाशामक किंवा अँटिबायोटिक गोळ्यांचं निमित्त होतं. तापात मी आपल्या मनाने दिलेल्या गोळ्या आठवून रात्रभर झोप लागली नाही.

स्टेरॉईड सुरू झालं आणि दशलक्षण पर्व आलं. उत्तम तपाच्या दिवशी लेक दरवर्षी निर्जळ उपवास करते. डॉक्टरांनी पाणी तोडायला सक्त मनाई केली होती. ती रडायला लागली. मला वाटलं, सासूबाई रागावतील. चाळीस वर्षांत त्यांनी स्वतःचा एकही उपवास सोडलेला नाही. त्यांनी उकळलेलं पाणी तिच्या बाटलीत भरलं आणि म्हणाल्या, "सोळा भावनांत शक्तितस्तप सांगितलंय, बाळा. शक्तीप्रमाणे. यंदा वेळेवर औषध घेणं हेच तुझं तप."

आता किडनी सावरली आहे. डोळ्यांची सूज मात्र एकदा उलटली, म्हणून तपासण्या चालूच आहेत.

मैत्रिणींनो, लाल डोळ्याबरोबर उजेडाचा त्रास, बारीक ताप, थकवा असेल तर घरी थेंब घालत बसू नका. डोळ्यांच्या डॉक्टरांना सगळं सांगा, आणि लघवी तपासायची का, हे विचारा.