शेणखड्ड्यातले सत्तर दिवस

३ फेब्रुवारी २०२५, डहाणू
सकाळी वाडीतल्या शेणखड्ड्यात पाच वस्तू पुरल्या आणि प्रत्येकीशेजारी बांबूची कामटी खोचली. पळसाची पत्रावळ, उसाच्या चिपाडाची वाटी, 'कंपोस्टेबल' छापलेला कागदी पेला, प्रमाणपत्राचा नंबर असलेली हिरवी पिशवी आणि एका पुरवठादाराने 'बायोडिग्रेडेबल' म्हणून गळ्यात मारलेला पारदर्शक डबा. असले चारशे डबे अजून माळ्यावर पडून आहेत. प्रमाणपत्राचा नंबर विचारला तेव्हा त्याने फोनच ठेवून दिला.

चैत्री पौर्णिमेला विवळवेढ्याला महालक्ष्मीची यात्रा भरेल. तिथे चिकूचा हलवा आणि वडे कशात द्यायचे, ते तोवर ठरायला हवं.

५ फेब्रुवारी
रात्री प्लास्टिकचे नियम वाचत बसले. राज्याची बंदी २०१८ ची, केंद्राची १ जुलै २०२२ पासूनची. कंपोस्टेबल प्लास्टिकला आयएस १७०८८ हे मानक लागतं आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्रही. मानकाप्रमाणे १८० दिवसांत त्यातल्या ९० टक्के कार्बनचा वायू झाला पाहिजे, पण ही चाचणी होते ५८ अंशांच्या आसपास, सतत तेवढीच ऊब ठेवून. सकाळी माझ्या खड्ड्यात कोपरापर्यंत हात घातला होता, आत जेमतेम कोमट. म्हणजे नंबर खरा असला तरी तो मोठ्या, तापत्या कंपोस्ट प्रकल्पासाठी खरा. आमच्या गल्लीतला कचरा तिथवर जातो कुठे?

१९ फेब्रुवारी, तलासरी
पत्रावळींसाठी पाड्यावर गेले. वाटेत पळस नुसते पेटलेले, पान एक नाही. पत्रावळी लावणाऱ्या मावशी हसल्या. "आता पानं कुठची, बाय? आता फुलं." गेल्या हंगामातल्या वाळवून ठेवलेल्या पानांच्या पत्रावळी कुडाच्या घरात आढ्याला टांगल्या होत्या. त्यातल्या थोड्याच मला देता येतील, बाकीच्या घरच्या लग्नाला हव्यात. त्या लावताना बघत बसले. पान ओल्या फडक्यात नरम करायचं, एकाची कड दुसऱ्यावर चढवायची, बांबूची बारीक काडी टोचून वर काढायची आणि उरलेली नखाने मोडायची. डिंक नाही, तार नाही.

मला बाराही महिने माल हवा असतो, पळसाला तो हिशेब ठाऊक नाही. धंदा मीच ऋतूप्रमाणे वळवायला हवा, हे गाडीत बसल्यावर पटलं.

१५ मार्च
चाळीस दिवस. होळीची राख खड्ड्यात टाकायच्या आधी उकरून पाहिलं. पत्रावळ काळी, हात लावताच भुगा. वाटी लगद्यासारखी. पेल्याचा कागद गेला, पण आतला पातळ पापुद्रा पेल्याच्याच आकारात उभा! बोटाने ताणला तर ताणला जातो. पिशवीला भोकं पडलीत. डबा धुतला असता तर पुन्हा विकता आला असता.

आता नवा पेला आला की रात्रभर गरम पाण्यात भिजवते, सकाळी चोळते. कागद सुटून पापुद्रा हातात आला की माल परत.

२८ मार्च
चिपाडाच्या वाटीवर मन बसलं होतं, पण एक गोष्ट टोचते. तेल झिरपू नये म्हणून असल्या भांड्यांत काही ठिकाणी फ्लोरिनयुक्त रसायनं घालतात. ती मातीत वर्षानुवर्षं तशीच राहतात. वाटी कुजेल, ती उरतील. अमेरिकेत तेल अडवणारे असे पदार्थ अन्नाच्या कागदी वेष्टनांतून हद्दपार झाल्याचं २०२४ मध्ये जाहीर झालं. विक्रेत्याकडे फ्लोरिनचा तपासणी अहवाल मागितलाय. अहवाल येईपर्यंत वाटीत फक्त कोरडे पदार्थ.

१९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुक्यात कारखान्यांवर निर्बंध आले आणि पुढे न्यायालयामुळे पर्यावरण जपणारं प्राधिकरणही आलं. त्यामुळे या वाड्या टिकल्या असं मी मानते. ट्रकमधून येणाऱ्या डब्यांवर नजर ठेवायला मात्र गाळ्यावर मीच आहे.

१२ एप्रिल, विवळवेढे
यात्रा सुरू. हलवा केळीच्या पानात. पान आधी विस्तवावरून भरभर फिरवायचं; हिरवा रंग गडद होतो, तेलकट चकाकी येते आणि मग घडी घालताना शीर तडकत नाही. पहिली वीसेक पानं मी करपवली. वडे पत्रावळीच्या तुकड्यावर. झणझणीत चटणी खाली गळते, म्हणून दोन तुकडे आडवे-उभे. दुपारपर्यंत टोपलीत टाकलेली पानं कुणाच्या तरी शेळीने फस्त केली. पुड्याला वर्तमानपत्र का नाही, असं एका आजोबांनी विचारलं. छपाईची शाई अन्नाला लागते, म्हणून त्याला २०१९ पासून मनाई आहे, असं सांगितलं. "मग पानच बरं, बेटा," म्हणत त्यांनी आणखी दोन वडे घेतले.

१४ एप्रिल
सत्तर दिवस झाले. पत्रावळीच्या जागी बांबूच्या चार काड्या सापडल्या. वाटी सापडलीच नाही. पिशवीच्या चिंध्या, पेल्याचा पापुद्रा आणि अख्खा डबा वर काढून धुतले. ते आता गल्ल्याशेजारी काचेच्या बरणीत आहेत.

तलासरीला फोन केला. जेठात पानं भरली की तोडायला सुरुवात, निम्मे पैसे मी आधी देणार. "सगळी पानं ओरबाडायची नाहीत हां, बाय," मावशी म्हणाल्या, "झाडाला ठेवावी लागतात." किती ठेवायची ते त्याच ठरवणार.