कसर

मराठीत ‘कसर’ या शब्दाला दोन घरे आहेत. एक हिशेबातले, तिथे कसर म्हणजे उणीव. दुसरे कपाटातले, तिथे कसर म्हणजे कापड नि कागद खाणारी कीड. ही घरे एकमेकांना किती लागून आहेत, हे आईची शाल उलगडली तेव्हा आम्हा भावंडांना कळले.

आई गेल्यावर तिची काश्मिरी शाल आम्ही ट्रंकेत ठेवली. तिचा वास जाऊ नये म्हणून धुतली नाही. वर डांबराच्या चार गोळ्या टाकल्या. पुढे तीन वर्षे ट्रंकेला हात लावण्याचे धैर्य कुणाला झाले नाही. उघडली तेव्हा गोळ्या विरून गेल्या होत्या, शालीला मसुराएवढी भोके पडली होती आणि घड्यांत तपकिरी, केसाळ, पोकळ कातींचा सडा होता.

हे काम अँथ्रीनस प्रजातीतल्या भुंगेऱ्याचे. त्याच्या एका जातीचे नामकरण लिनिअसने १७६७ साली केले. प्रौढ भुंगेरा जेमतेम ३ मिलिमीटरचा आणि निरुपद्रवी. फुलांतले पराग व मध हे त्याचे अन्न. लोकरीला तोंड लावतात त्या त्याच्या अळ्या. लोकर, केस, पिसे यांतले केराटिन बहुतेक प्राण्यांना पचत नाही, यांना पचते. त्यातही घामाचा अंश राहिलेली लोकर त्यांना विशेष मानवते. त्याखेरीज त्यांना हवा असतो फक्त अंधार आणि निवांतपणा.

आम्ही नेमके हेच सारे पुरवले होते. आई दर हिवाळ्यात ती शाल पांघरत असे, उन्हाळा लागला की धुऊन, उन्हात झटकून ठेवीत असे; तिच्या हयातीत शालीला एक छिद्र पडले नाही. तिच्या तसबिरीपुढे आम्ही रोज ताजी फुले ठेवत आलो. भुंगेरे त्या फुलांबरोबर तर घरात शिरले नसतील ना, हा प्रश्न अजून सुटत नाही.

शाल पिशवीत बांधून दोन आठवडे फ्रीझरमध्ये ठेवली, मग धुतली. वास गेला. रफूगाराने भोके भरली. जवळून पाहिले तर रफू दिसते. या थंडीत आम्ही ती आळीपाळीने पांघरतो आहोत.