मागच्या हबची झीज

साध्या 28 इंची सायकलच्या मागच्या हबमध्ये दोन्ही बाजूंना पाव इंची नऊ-नऊ छर्रे असतात. हबमध्ये बसवलेली वाटी आणि एक्सलवर चढवलेला कोन यांच्यामध्ये ते फिरतात. चाकाबरोबर वाटी फिरते, कोन मात्र जागचा हलत नाही. झिजेचे मूळ इथेच आहे. वजन एक्सलवर वरून येते, त्यामुळे कोनाच्या खालच्या बाजूचा तेवढाच भाग सतत दाब सोसतो. वाटीचा प्रत्येक भाग आळीपाळीने खाली येतो. म्हणून आधी कोन जातो. तो पुसून उजेडात धरला, तर छर्ऱ्यांच्या वाटेवर एकाच बाजूला बारीक खड्डे दिसतात, नखालाही लागतात. बाकीची वाट गुळगुळीत असते.

अशा कोनावर चाक चालवत राहण्याइतकी महाग हयगय दुसरी नाही. कोनाचे सुटलेले कण ग्रीसमध्ये मिसळून वाटी खरवडतात. बऱ्याच हबमध्ये वाटी दाबून बसवलेली असते आणि सुटी मिळत नाही. ती गेली की अख्खा हब बदलायचा, म्हणजे 40 स्पोक काढून चाक नव्याने विणायचे. कोन मात्र काही रुपयांत मिळतो. त्याच्याबरोबर छर्रे सगळेच नवे घालावेत. जुन्यांत दोन-चार नवे मिसळले, तर किंचित मोठे असलेले छर्रेच सगळा भार घेतात. पावसात पाणी शिरून ग्रीस धुऊन जाते, म्हणून पावसाळा संपला की हब एकदा उघडणे हिताचे. उजवी बाजू फ्रीव्हीलमागे लपलेली असल्याने तिच्याकडे दुर्लक्ष होते. तीही उघडायलाच हवी.

गिअरच्या सायकलीत आणखी एक दुखणे असते. पाच-सहा चक्र्यांचे फ्रीव्हील हबवर आट्यांनी बसते. त्यामुळे उजवा कोन आत सरकतो, एक्सलचे टोक आधाराविना लांब राहते आणि तिथेच ते वाकते किंवा तुटते. शिमानोने 1978 मध्ये आणलेल्या फ्रीहबमध्ये उजवे छर्रे बाहेरच्या टोकाशी गेले आणि हा दोष बराचसा मिटला. एक्सल वाकल्याची शंका आली, तर तो काचेवर लोळवून पाहावा.

फ्रीव्हीलमध्ये झिजतात ते कुत्रे, म्हणजे आतल्या दातांत अडकणारे खटके, आणि त्यांच्या बारीक स्प्रिंगा. इथे जाड ग्रीस घालू नये. कुत्रे चिकटतात आणि पायडल रिकामे फिरते. पातळ ऑइलच योग्य. झाकण उघडायचे तर त्याचे आटे उलटे असतात हे लक्षात ठेवावे. दात अणकुचीदार झाले की नवी चेन त्यांवर घसरते. चेनच्या 12 इंचांत अष्टमांश इंच वाढ दिसली, तर चेनबरोबर चक्रीही बदलावी. षोडशांश इंचालाच चेन बदलली, तर चक्री सहसा वाचते.

जोडताना कोन बोटांनी टेकेपर्यंत फिरवून किंचित मागे घ्यावा, मग लॉकनट आवळावा. कोन आवळून ठेवला, तर छर्रे नव्या कोनालाही लवकर खड्डे पाडतात. ढिला ठेवला, तर दणके बसतात. चाक चौकटीत घट्ट केल्यावर पुन्हा तपासावे: रिम आडवी हलवली तर खडखड नको, आणि चाक सोडून दिले की व्हॉल्व्हची जड बाजू आपोआप खाली येऊन झुलत थांबायला हवी.