शिवारफेरी

सेंद्रिय शेतीची चौकशी करायला येणाऱ्या बहुतेकांना कृती हवी असते. ती सांगायला मला जड जात नाही. देशी गाईचं शेण १० किलो, गोमूत्र ५ ते १० लिटर, गूळ आणि बेसन दोन-दोन किलो, बांधावरची मूठभर माती, २०० लिटर पाणी. पिंप सावलीत ठेवायचं, सकाळ-संध्याकाळ काठीनं ढवळायचं, दोन-तीन दिवसांनी एका एकराला सोडायचं. अमरावतीकडच्या सुभाष पाळेकरांनी हे जीवामृत गावोगाव नेलं. कोल्हापूरच्या मोहन देशपांड्यांच्या ऋषी-कृषीतलं अमृतपाणी वेगळं, त्यात तूप आणि मध. (आमच्या गटातल्या वहिनी म्हणतात, तूप मी नातवाच्या वरणभातावर वाढीन, वाफ्याला कशाला?) पाहुणा हे सगळं वहीत उतरवून घेतो, पिंपाचा फोटो काढतो आणि जातो. पुढं कधी सासवडच्या बाजारात भेटला की सांगतो, पहिल्या वर्षी माल निम्म्यावर आला, व्यापाऱ्यानं भाव तोच दिला, परत युरियाची गोणी आणली.

कृती त्यानं बरोबरच केलेली असते. पण तो एकटा असतो, आणि एकट्यानं लहान तुकड्यावर सेंद्रिय भाजी पिकवून घर चालवलेलं मी तरी आमच्या भागात पाहिलेलं नाही.

माझं रान तीस गुंठे. पुरंदर तालुका, म्हणजे पर्जन्यछाया. अंजीर, सीताफळ, वाटाणा आणि फुलं यांवर चालणारा मुलूख. दिवे घाट उतरला की पुणं, त्यामुळे गिऱ्हाईक हाकेच्या अंतरावर. पण त्या गिऱ्हाइकाला आठवड्याला लागतं काय? दोन पालेभाज्या, कोथिंबीर, वांगी नाहीतर भेंडी, एखादी शेंग, मिरची, लिंबं, कांदा. तीस गुंठ्यांत हे सगळं बारा महिने काढायचं म्हटलं तर वाफे बदलण्यातच जन्म जाईल. म्हणून आम्ही चार गावांतली सहा घरं मिळून एक टोपली भरतो. अण्णांचं रान मुरमाड. कितीही पाऊस पडो, तासाभरात पाणी निघून जातं, त्यामुळे आषाढात कोथिंबीर टिकली तर ती त्यांचीच. वहिनींच्या विहिरीला मे महिन्यातही पाणी असतं, म्हणून उन्हाळी गवार, भेंडी, काकडी त्यांच्याकडं. माझं रान काळं, पाणी धरून बसणारं. त्यात कांदा, हरभरा आणि थंडीतली मेथी, पालक, चाकवत. बांधाला शेवगा.

पाडव्याच्या सुमाराला आणि दसऱ्याच्या आधी आम्ही एकदा-एकदा बसतो आणि वाटणी करतो. या बैठकीला लोक कमी लेखतात, माझ्या मते धंद्याची निम्मी अक्कल तिच्यात खर्च होते. मेथी महिन्यात येते, पालक पाच आठवड्यांत, मुळा दीड महिन्यात. वांगं लावणीपासून दोन-अडीच महिने घेतं, मग काही महिने देत राहतं. सगळ्यांनी मेथी एकाच दिवशी टाकली तर महिन्यानं जुड्या गुरांपुढं टाकायची वेळ येते आणि पुढचे दोन आठवडे टोपलीत हिरवं काही नसतं. म्हणून कुणाच्या वाफ्यानंतर कुणाचा वाफा हे ठरलेलं लागतं, आणि पाळलेलं लागतं. तरी खाडे पडतातच. पहिल्या मोठ्या पावसात वाफे वाहून जातात. त्या दिवसांत आम्ही तांदुळजा, घोळ, पाथरी, कुर्डू, टाकळा असं जे बांधाला आपणहून येतं ते खुडून पाठवतो. सुरुवातीला पुण्याहून फोन येत, ताई, हे गवत चुकून आलंय का? आता काहीजणी मृगाच्या आधीच नाव लावून ठेवतात, आणि टाकळा जून झाला की ओरडतातही.

एकमेकांच्या रानात शिकायची रीत काही आम्ही काढलेली नाही. श्रीपाद दाभोळकर हे गणिताचे प्राध्यापक. तासगाव भागातल्या द्राक्ष बागायतदारांना हाताशी धरून त्यांनी प्रयोग परिवार उभा केला. ज्यानं त्यानं आपल्या बागेत प्रयोग करायचा, जे दिसेल ते टिपायचं आणि इतरांना कळवायचं. वरून शिफारस येईल म्हणून कुणी थांबायचं नाही. १० गुंठ्यांत पाच माणसांचं कुटुंब नीट जगू शकतं, हा त्यांचा हिशेब पुष्कळांना अतिशयोक्तीचा वाटतो. मला तो चुकीचा वाटत नाही, फक्त तो घरात पिकवून घरात खाण्याचा आहे. मुलीची फी भरायची तर माल घाट उतरूनच जावा लागतो.

आणि घाट उतरला की पहिला प्रश्न येतो: हे सेंद्रिय कशावरून?

याला सरकारमान्य उत्तरं दोन. एक, २००१ साली सुरू झालेला राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम. त्यात बाहेरची संस्था तपासनीस पाठवते, कागदपत्रं पाहते, फी घेते. परदेशी माल धाडणाऱ्याला हे लागतंच, आणि परवडतं. मेथीच्या जुडीला कुठून परवडणार? दुसरं उत्तर सहभागी हमीचं, म्हणजे पीजीएसचं. यात शेतकरीच शेतकऱ्याची तपासणी करतात. दक्षिण ब्राझीलमध्ये एकोविदा नावाचं शेतकऱ्यांचं जाळं १९९८ पासून असं काम करतं. २००४ मध्ये ब्राझीलमधल्याच तोरेस इथं देशोदेशींच्या अशा गटांची बैठक झाली आणि या पद्धतीला जगात नाव मिळालं. आपल्याकडं २०१५ नंतर परंपरागत कृषी विकास योजनेतून पीजीएस-इंडिया खेड्यांपर्यंत आलं. किमान पाच शेतकऱ्यांचा गट हवा. रासायनिकातून बाहेर पडायच्या काळात माल ‘पीजीएस ग्रीन’, नंतर ‘पीजीएस ऑरगॅनिक’. हंगामी पिकांना दोन वर्षं, अंजिरासारख्या झाडांना तीन. २०१७ च्या अन्नसुरक्षा नियमांनी राष्ट्रीय कार्यक्रमाचं आणि पीजीएसचं अशी दोन्ही प्रमाणपत्रं मान्य केली आहेत.

तपासणीच्या कागदावर रकाने असतात: बियाणं कुठलं, खत कुठलं, शेजारी काय फवारतो, पाणी कुठून येतं. ते भरायला फार वेळ लागत नाही. खरी तपासणी त्याआधी चालता चालता होऊन जाते. आम्ही तिला शिवारफेरीच म्हणतो. यजमानानं चहा द्यायचा तो फेरी संपल्यावर, आधी नाही, असा वहिनींनी घालून दिलेला दंडक आहे. चहा पोटात गेला की जीभ जड होते, असं त्यांचं म्हणणं.

फेरीत मी पहिल्यांदा मेथीच्या वाफ्याशी बसते. खुरप्यानं माती सैल करून एक रोप मुळासकट काढायचं. ओढून उपटलं तर बघायचं तेच मातीत राहतं. मेथी द्विदल कुळातली, म्हणजे वाटाणा-घेवड्याची भावकी. हवेतला नत्र धरणारे जिवाणू तिच्या मुळांवर बारीक बारीक गाठी करतात. मूळ पाण्यात हलकेच धुवायचं आणि एक गाठ नखानं फोडायची. आत गुलाबी दिसली तर काम चालू आहे. पांढरट किंवा हिरवट दिसली तर काम बंद. आणि गाठीच नसतील, मूळ नुसतंच गुळगुळीत असेल, तर वरून युरिया पडला असावा अशी शंका घ्यायला जागा आहे, कारण आयता नत्र मिळाला की रोप त्या जिवाणूंना पोसायचं सोडून देतं. शंकाच फक्त. रान पाणथळ झालं तरी गाठी कमी होतात, आणि त्या मातीत तो जिवाणूच नसेल तरी होत नाहीत. म्हणून लगेच बोलायचं नाही, पान बघायचं. युरियावरचं पान काळपट हिरवं, लुसलुशीत, कांड्या लांब लांब, आणि शेंड्यावर मावा चिकटलेला. शेणखतावरची मेथी दिसायला त्यापुढं गरीब. पानं लहान, देठ चिवट. वास मात्र हाताला दिवसभर राहतो.

मग बांध. बांधावरचं गवत एकसारखं पिवळं पडलं असेल तर तणनाशक. कुंपणाच्या काट्यात अडकलेली चकचकीत पुडी अण्णांना लांबूनही दिसते. दवाच्या दिवसांत अगदी सकाळी गेलं की पिकात कोळ्यांची जाळी दिसतात. कीटकनाशक फवारलेल्या रानात ती बघायला मिळणं कठीण. एका फेरीत बांधालगतच्या घेवड्याची पानं वाटीसारखी आत वळलेली दिसली. त्या घरानं काही फवारलं नव्हतं. शेजारच्या उसात तणनाशक म्हणून मारलेलं २,४-डी वाऱ्यावर आलं होतं. बांधाकडच्या चार सऱ्यांचा माल टोपलीतून काढला, बांधाला शेवरीची दाट ओळ लावली, आणि अण्णा त्या शेजाऱ्याकडं जाऊन गोडीनं सांगून आले की फवारणी वारा पडलेला असताना करत जा, औषध तुझंच वाया जातं. शेवटचं वाक्य त्याला पटलं.

दिसतं ते सगळ्यांनाच. बोलणं अवघड. गट भावकीतला असला की हे फार जाणवतं. चुलतदिराच्या रानात उभं राहून ‘हे पान असं का?’ असं विचारलं की विषय खताचा राहत नाही, बांधाचा होतो, आणि बांधावरून कोर्टात गेलेली घरं आमच्याकडं गावोगाव आहेत. त्यात पुढच्या महिन्यात त्यांच्याकडंच साखरपुडा. मग सगळे पान बघतात, मान डोलावतात आणि सही करतात. योजनेतल्या गटांना सलग ५० एकरांचं क्षेत्र धरलेलं होतं. प्रशिक्षणाला, वाहतुकीला ते सोयीचं, हे खरं. पण माणसं एका आळीतली, एका आडनावाची आली की भीड आड येते. माझं मत विचाराल तर गटात दोन तरी घरं परगावची असावीत, ज्यांच्याशी सोयरीक नाही, देणंघेणं नाही, फक्त टोपली एक आहे. एकाचं खोटं निघालं तर सहाही घरांची टोपली बंद, हे ज्याला पोटातून कळतं तो विचारतो.

बियाण्याचं आमच्यात सोपं आहे. मूठ नेली तर पुढच्या वर्षी दोन मुठी परत. गावठी बियाणं जपणाऱ्या, अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली तेव्हा आमच्या बायकांना विशेष आनंद झाला, कारण राखेत घोळून गाडग्यात वाल ठेवणं हे काही करण्यासारखं काम आहे असं घरात कुणी म्हटलेलं नव्हतं.

लोकांना वाटतं, असे गट फसवाफसवीनं मोडतात. मी पाहिलेले बरेचसे भावानं मोडले. आम्ही हंगामाच्या सुरुवातीला दर ठरवतो आणि तो हंगामभर तोच राहतो. पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डात कोथिंबिरीला कुणी विचारत नाही तेव्हा सगळेच टोपलीशी एकनिष्ठ असतात. पण श्रावणात मळे झोपले आणि गुलटेकडीला जुडीचा भाव आमच्या तिप्पट झाला की पहाटे फाट्यावर थांबणारा टेम्पो खुणावायला लागतो. त्या वेळी कुणाला उपदेश करून उपयोग नसतो. त्याच्यावर सोसायटीचं कर्ज आहे हे आपल्यालाही ठाऊक असतं. आमचा नियम एवढाच की आधी टोपली भरायची, उरलं तर खुशाल बाजारात न्या. आणि गिऱ्हाइकानं महिन्याचे पैसे आगाऊ द्यायचे. हा दुसरा नियम करताना मला धाकधूक होती, पण पैसे आधी हातात असले की टेम्पोकडं बघणारी मान आपोआप वळते. सुट्टीत गावाला जाणाऱ्यांनी आठवडाभर आधी कळवायचं, हे मात्र अजून निम्म्या घरांना जमलेलं नाही.

सध्या आमच्यात वाद चालू आहे तो पाण्यावरून. पुरंदर उपसा योजनेचं पाणी मुळा-मुठेतून उचललेलं, आणि मुळा-मुठेत पुण्याचं सांडपाणी. ही योजना नसती तर आमच्या तालुक्यातली कितीतरी रानं पडीक राहिली असती, त्यामुळे तिला नावं ठेवायला कुणाची जीभ रेटत नाही. यंदा अण्णांच्या विहिरीनं लवकर तळ गाठला. त्यांनी उपशाचं पाणी शेततळ्यात घेतलं आणि कागदावरच्या पाण्याच्या रकान्यात तसं स्वच्छ लिहिलं. वहिनींचं म्हणणं, ज्या घरांतून ते पाणी सुटतं त्यांच्याच ताटात ते कोथिंबिरीवरून परत धाडायचं का? अण्णांचा उलट सवाल, मग मी पिकवू काय, आणि त्या घरांना हे कुणी विचारतं का?

दोघांचंही बरोबर आहे. बोलून बोलून एवढं ठरलं आहे: ते पाणी सीताफळाला, तुरीला, हरभऱ्याला आणि गुरांच्या मक्याला चालेल; कच्चं खायचं काही, म्हणजे कोथिंबीर, मुळा, काकडी, त्यावर घ्यायचं नाही. शेततळ्यातल्या पाण्याचा नमुना जड धातूंसाठी तपासायला दिला आहे. त्याचा खर्च सहा घरांत वाटून घ्यायचा की अण्णांनी एकट्यानं सोसायचा यावर पुढच्या बैठकीत पुन्हा बोलणं होईल. माझं मत वाटून घ्यावा असं आहे, कारण पुढच्या उन्हाळ्यात माझी विहीरही तळाला जाऊ शकते. तोवर त्यांच्या वाटणीची आषाढातली कोथिंबीर मी अंगावर घेतली आहे. काळ्या रानात ती पावसात कुजणार, हे मला दिसतंय. गादीवाफे उंच करून बघते. गिऱ्हाइकांना सांगून ठेवलं आहे की यंदा पावसाळ्यात कोथिंबीर मिळेलच असं नाही, आणि का नाही तेही.